सरोजदीदींचे सोमवार

महादेवाला मी बोलले होते, की ही नोकरी मला मिळू दे, श्रावणातल्या दर सोमवारी ऑफिसात ज्याचा ज्याचा उपास असेल त्याला माझ्या हातचा फराळ घालीन. आता यात चूक होण्यासारखं काही आहे का, तुम्हीच सांगा. साधा नवस. ना सोन्याचा कळस, ना चांदीचं छत्र. पण चूक करायचीच असं एखाद्याच्या कपाळी असलं, की साबुदाणासुद्धा पुरतो. चहा घ्या, सांगते.

नोकरी म्हणजे तरी काय? मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा बंगलोरला, हे रिटायर होऊन पेपरच्या मागे बसलेले. मी पूजा, पोथी आणि जप करूनही माझी दुपार उरायची. आम्ही माळव्यातल्या देवासला राहतो, तिथल्याच एका संस्थेला गावतळ्यांच्या प्रोजेक्टसाठी ॲडमिन हवी होती. टोंकखुर्दकडच्या गावांतली जुनी तळी गाळ काढून खोल करायची, असा प्रोजेक्ट. गाळ काढणारे वेगळे, मी त्यांच्या पाठीमागची. कोणती गाडी कोणत्या गावाला जाईल, बैठकीला सतरंज्या आणि माइक पोचला का, प्रिंटरची शाई, पाण्याचे जार, रजा, दर शनिवारी वरच्या ऑफिसला रिपोर्ट. मुलाखतीत विचारलं, "अनुभव?" म्हटलं, "तीस वर्षं घर चालवलंय. दोन नणंदांची बाळंतपणं, तीन मुंजी, आणि सासूबाईंचा स्वभाव." घेतलं की त्यांनी.

मॅनेजर निखिल, माझ्या मुलाच्या वयाचा. घर मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे भाषा मधल्या रस्त्याने चालणारी. मला काकू म्हणतो. जीप चालवायला कैलाश भिया, मिशा अशा की वाटेतल्या म्हशी बाजूला होतात. फील्डवर दोन इंजिनिअर. आणि गावोगावच्या बायकांना बैठकीला जमवणाऱ्या सरोजदीदी. माहेर बागलीचं, नवरा शाळेत मास्तर. आवाज कधी चढायचा नाही, पण गावातल्या बायका त्यांचं ऐकायच्या.

सरोजदीदींना एकच मुलगी, नीलू. सासर धारला. आदल्या वर्षी तिचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिलेले. सरोजदीदींनी महादेवाला मन्नत मागितली होती: सावनातले सगळे सोमवार करीन, दिवसातून एकदाच फराळ, लेकीची ओटी भरलेली राहू दे. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "किसी को बोलना मत ताईजी, मन्नत बोलने से हल्की हो जाती है."

मी कोणाला बोलले नाही. मी भलतंच करून बसले.

सरोजदीदींचा सावन लागला, त्या पहिल्या सोमवारी मी डबा घेऊन हजर. ऑफिसात विचारलं, "उपास कोणाकोणाचा?" हात एकच वर, सरोजदीदींचा. बाकीचे कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून. मी डबा उघडला. तुपात फुललेल्या जिऱ्याचा वास, साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट, शेजारी बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. निखिलचं डोकं कॉम्प्युटरमधून वर आलं.

दुसऱ्या सोमवारी कैलाश भियांनी हात वर केला. म्हणाले, "ताईजी, बाबा का बुलावा आ गया." तिसऱ्या सोमवारी दोघा इंजिनिअरांना बुलावा आला. मग निखिल म्हणाला, "काकू, मी पण उपास करून राहिलो." मला भरून आलं हो. आपल्या एका नवसाने ऑफिसभर भक्तीचं वारं सुटलं, असं वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपरच्या मागून म्हणाले, "वारं कशाचं सुटलंय ते नंतर कळतं." मी लक्ष दिलं नाही.

आणि माझं सोवळं तरी किती. उपासाची कढई वेगळी, किसणी वेगळी, उलथनं वेगळं. कोथिंबीर नाही. हळद, हिंग, मोहरी यांचा डबा त्या दिवशी ओट्यावरसुद्धा नाही. दाणे भाजायचा तवा आदल्या दिवशी चिंच लावून घासलेला. सरोजदीदी पहिला घास घ्यायच्या आधी डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आपके हाथ का है तो पूछना क्या." हे ऐकून मी इतकी फुलायचे, की माझीच खिचडी झाली असती तर मोकळी झाली असती.

शेवटच्या सोमवारी टोंकखुर्दला सगळ्या गावांच्या तलाव समित्यांची बैठक ठरली. निखिल म्हणाला, "काकू, हलवाईला सांगू का? सगळे उपासवाले असतील." हलवाई? माझा नवस असताना? म्हटलं, "मी करते." "एवढ्या लोकांचं?" "मुंजीचं केलंय, हे काय."

पहाटे सरोजदीदी मदतीला घरी आल्या. पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरात. मोठं पातेलं शेगडीवर, हे बिचारे बटाटे सोलतायत, मी परततेय. साबुदाणा पारदर्शक व्हायला लागला, तशी हात मागे करून म्हटलं, "दीदी, वो नमक का डिब्बा देना."

त्यांनी डबा उचलला. झाकण काढलं. चिमूट घेऊन बोटांत चोळली. मी त्यांच्या हातातून डबा घेऊन ओंजळभर मीठ पातेल्यात टाकलंसुद्धा.

"ताईजी, ये तो सादा नमक है."

"हो, मग?"

"सेंधा किधर है?"

आमच्या घरी सैंधव ओव्याबरोबर ठेवलेलं असतं, अपचनाला. मी काळजीने विचारलं, "क्यों, पेट दुख रहा है क्या?"

सरोजदीदी म्हणाल्या, "व्रत में तो सेंधा ही डलता है ना, ताईजी. सादे नमक से तो व्रत टूट जाता है."

आणि मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "नहीं हो, हमारे में तो यही चलता है. हळद नहीं, हिंग नहीं, नमक सब चलता है." हसता हसता त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं, आणि माझं हसू तिथेच थिजलं.

"तो पिछले सोमवार?"

"यही."

"उसके पहले?"

माझ्या हातात उलथनं. पातेल्यात साबुदाणा तळाला लागायला लागलेला. मला हलवायचं सुचेना.

"पहले सोमवार से?"

मी मान डोलावली. सरोजदीदी पाटावर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "नीलू को नौवाँ लग गया है."

हे सोललेला बटाटा हातात धरून उभे. परिस्थिती सावरायला म्हणाले, "अगं, मग आता वरून सैंधव घाल ना."

"वरून घातल्याने खालचं निघून जाईल का?"

"मग पाण्याने धुवून बघ."

खिचडी. पाण्याने धुवून. यांनी आयुष्यभर सरकारी खात्यात इंजिनिअरिंग केलं.

तुम्ही म्हणाल, बाई, तीस वर्षं माळव्यात राहिलीस आणि तुला हे ठाऊक नाही? हाच प्रश्न मी स्वतःला जीपमध्ये बसून टोंकखुर्दपर्यंत विचारत होते. शेजारच्या शर्मा भाभींकडे दिवाळीचं खाल्लंय, होळीची गुजिया खाल्लीये, त्यांनी माझ्याकडच्या पुरणपोळ्या नेल्यात. पण उपासाचं? उपासाला जो तो आपापल्या घरी. एकमेकींच्या पातेल्यात काय पडतं, हे बघायची वेळच आली नाही. दुकानात सेंधा नमकची पुडी दिसायची, मला वाटायचं इथल्या लोकांची पोटं नाजूक.

वाटेत मी आमच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "काकू, उपासाला मीठ चालतं. निःशंक राहा." माझा जीव भांड्यात पडला. मागे वळून सरोजदीदींना सांगितलं, "दीदी, हमारे गुरुजी बोले, चलता है. टूटा नहीं."

त्या खिडकीबाहेर सोयाबीनकडे बघत होत्या. न वळता म्हणाल्या, "आपका नहीं टूटा ताईजी. मन्नत तो मैंने मानी है."

माझे गुरुजी मला सोडवायला होते, त्यांना सोडवायला कोणी नव्हतं.

टोंकखुर्दला पंचायतीच्या हॉलमध्ये माणसं जमलेली. गाळ कुठे टाकायचा, कोणी किती ट्रॉल्या न्यायच्या, यावर वाद चाललेला. जेवणाची वेळ झाली. माझी जागा तिथे काय असते? माइक लावायचा, वायर कोणाच्या पायात येणार नाही ते बघायचं, आणि कोपऱ्यात उभं राहायचं. माझ्या मनात एक पाप येऊन गेलं, ते सांगते. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? सगळे खाऊन घरी गेले असते. मग सरोजदीदींकडे पाहिलं. त्या कोणाला काही सांगणार नव्हत्या. तेच मला सहन झालं नाही.

पंचायतीच्या शिपायाला केळी आणायला पिटाळलं आणि मी माइक घेतला. नोकरीतलं माझं पहिलं भाषण. "भाईयों और बहनों, खिचड़ी में सादा नमक है. मेरी ग़लती है. जिनका व्रत है वो मत खाना. उनके लिए केले मँगाए हैं."

पुढच्या रांगेतले एक साफावाले आजोबा म्हणाले, "कंई वात नी बई, पेलां बतई दियो नी." म्हणजे काही हरकत नाही बाई, आधी सांगितलंत ना. ज्यांचा उपास होता त्यांनी केळी घेतली, बाकीचे पातेल्याकडे वळले. मी जरा श्वास घेतला. आणि बघते तो काय, पातेल्यापुढे पहिला नंबर कैलाश भियांचा. ताट भरून घेतायत.

"भिया, काय करता? तुमचा सोमवार ना?"

ते जागच्या जागी अवघडले. मिशीला हात गेला. "ताईजी, अब आपने सच बोला है तो मैं भी बोल दूँ. मैं तो घर से पोहे-जलेबी खाके निकलता हूँ."

"आणि बाबांचा बुलावा?"

"वो तो आपकी खिचड़ी का बुलावा था."

मी निखिलकडे वळले. त्याचं ताटही भरलेलं. "काकू, रागावू नका. मी सकाळी आम्लेट खातो." म्हणजे उपास सोडा, सोवळंसुद्धा गेलं. दोघे इंजिनिअर एकमेकांच्या मागे लपायला बघत होते, पण दोघेही रुंद. त्यांना विचारायची गरजच पडली नाही.

तर असा हिशेब लागला. माझ्या नवसाच्या फराळाला ऑफिसात इतकी माणसं जेवली, त्यांत उपासाचं माणूस एकच होतं. आणि माझ्या फराळाने ज्याचा उपास मोडला, ते माणूसही तेच. बाकीच्यांचं मला काही मोडताच आलं नाही, कारण मोडायला काही नव्हतंच.

सरोजदीदी कोपऱ्यात बसून केळं सोलत होत्या. त्यांनी कैलाश भियांचं सगळं ऐकलं. एरवी हसल्या असत्या.

त्याच आठवड्यात नीलूचं ब्लडप्रेशर वाढलं. सरोजदीदी बसने धारला गेल्या. मला त्यांनी सांगितलं नाही, निखिलला फोन करून रजा घेतली. रजेची नोंद करायला नाव माझ्याकडेच आलं, तेव्हा मला कळलं. मी आमच्या गावच्या टेकडीवरच्या देवळात गेले, देवीपुढे बसले, पण काय मागायचं ते सुचेना. आपण मागितलेलं देव ऐकतो, या विश्वासावर मी इतकी वर्षं जगले, आणि आता त्याच विश्वासाने मला धडकी भरली. कारण तो ऐकत असेल तर माझं मीठही त्याने पाहिलं असेल.

घरी आल्यावर ठरवलं, नीलूची खुशाली कळेपर्यंत मी अळणी जेवणार. रात्री हे ताटावर बसले. आमटीचा भुरका मारला, थांबले.

"अगं, यात मीठ?"

"सोडलंय."

"तू सोडलंस. मी कुठे सोडलंय?"

"एका घरात दोन आमट्या होत नाहीत."

"म्हणजे पाप तुझं आणि अळणी मी?" असं म्हणाले खरे, पण दुसऱ्यांदा मीठ मागितलं नाही. एवढ्या बाबतीत भला माणूस आहे.

सरोजदीदी परत आल्या त्या राखी पौर्णिमा होऊन गेल्यावर. नीलूला गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांनी आराम सांगितला होता. चेहरा उतरलेला. मी चहा नेऊन ठेवला, खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "दीदी, मुझसे बोलिए. डाँटिए."

"आपको क्या डाँटूँ ताईजी. आपने तो प्रेम से खिलाया." कपाकडे बघत म्हणाल्या, "पर सावन तो निकल गया. एक भी सोमवार हाथ में नहीं आया. अब अगले सावन तक किसके भरोसे रहूँ?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "कहाँ निकल गया? हमारा तो चालू है."

त्यांना वाटलं मी पुन्हा काहीतरी घोळ घालतेय. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आम्हा मराठी लोकांचा अमावास्येला. त्यामुळे इकडचा सावन आधी लागतो आणि आधी संपतो, आमचा श्रावण मागून येतो आणि मागे रेंगाळतो. अजून दोन सोमवार शिल्लक होते. बघा माझी विद्वत्ता. पंचांगातला पंधरा दिवसांचा फरक मला तोंडपाठ होता, पातेल्यातला चमचाभर फरक ठाऊक नव्हता.

सरोजदीदींनी कॅलेंडरवर बोट ठेवून ते दोन सोमवार पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "मन्नत में मैंने सावन बोला था. किसका सावन, ये तो नहीं बोला था."

"आणि महादेव एकच आहेत," मी म्हटलं.

"हाँ. पर खिचड़ी मैं बनाऊँगी."

त्या दोन सोमवारी सरोजदीदींनी घरून फराळ आणला. दोघींचा. मोरधनाची खिचडी, म्हणजे आपली भगर, आणि सिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्या. अळणी राहायचं ठरवलं होतं, तरी त्यांनी पुढे केलेलं मी नाकारलं नाही. माळव्यातल्या माणसाच्या घरचं उपासाचं मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. आणि चांगलं होतं हो. त्या सैंधवाची चव काही निराळी लागली नाही मला. तेवढ्या न कळणाऱ्या फरकासाठी एका आईची झोप उडाली होती. निखिल लांबून बघत होता. सरोजदीदींनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "सर, आज आपका उपास है?" तो म्हणाला, "नाही नाही, नव्हताच कधी," आणि बाहेर पळाला. त्या दिवशी त्या हसल्या.

गणपती उठले आणि धारहून फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. ऑफिसात कैलाश भियांनी जीपचा हॉर्न एवढा वाजवला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले.

सगळं गोड झालं, हे खरं. पण ते शेवटचे आठवडे सरोजदीदींनी कसे काढले, ते मी रोज समोर बसून पाहिलंय. फोन वाजला की त्यांचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. नीलूचं ब्लडप्रेशर काही माझ्या मिठाने वाढलं नव्हतं, एवढं मलाही कळतं. सरोजदीदींनाही कळत असेल. पण ती भीती माझ्या हातून वाढली गेली होती. ते दिवस मी त्यांना परत देऊ शकत नाही. बाळ आलं तरी नाही.

म्हणून मी दुसरा नेम धरलाय, आणि हा कुठल्याही सोमवारपुरता नाही. कोणालाही काही वाढायच्या आधी विचारायचं. तुम्हाला काय चालतं, काय चालत नाही, तुमच्याकडे कसं करतात. आता बैठक ठरली की मी आधी सरोजदीदींना विचारते, समितीच्या लोकांना विचारते, परवा मोहनखेड्याहून जैन मंडळी तळी बघायला आली तर त्यांना इतकं विचारलं की ते म्हणाले, बहनजी, बस पानी पिला दीजिए. मी विचारलं, गाळलेलं की उकळलेलं?

तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. हा नेम तुम्हीही धरा. तुमच्या ओट्याशी कोणी भरवशाने डोळे मिटून घास घेत असेल, तर तो घास द्यायच्या आधी एकदा विचारा. कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त एवढं सांभाळा, की नेमाच्या भरात माझ्यासारखं करू नका. बारशाहून आल्यावर सरोजदीदींनी माझ्या हातावर लाडू ठेवला, आणि मी, नेमाची पक्की, विचारलं, "दीदी, इसमें क्या क्या डाला है?"

त्यांनी लाडू माझ्या हातातून परत घेतला आणि सरळ माझ्या तोंडात कोंबला. "प्रसाद है ताईजी. इतना नहीं पूछते."